अंतराळवीराचा पोशाख कोणी शिवला?



'अंतराळवीराचा पोशाख कोणी बनवला?' असं वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "शास्त्रज्ञांनी!" हे उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं शिलाई मशीनवर बसलेल्या बायकांचं आहे.

आधी अडचण समजून घेऊ. अंतराळात हवा नाही, म्हणून पोशाखात प्राणवायू भरावा लागतो. मग तो फुगतो आणि ताठ होतो. 1965 मध्ये रशियाचे लिओनोव्ह यानाबाहेर पडले, तेव्हा त्यांचा पोशाख इतका फुगला की आतला दाब कमी करूनच त्यांना परत आत शिरता आलं.

वर्गात हे सहज दाखवता येतं. लांबट फुगा फुगवा आणि मधोमध वाकवायला सांगा. तो लगेच सरळ होऊ पाहतो. मग वाकणारा स्ट्रॉ द्या. त्याच्या मानेला चुण्या आहेत, म्हणून तो वाकतो. चंद्रावर जाणाऱ्यांच्या पोशाखात कोपर-गुडघ्याला अशाच रबरी चुण्या होत्या.

हे पोशाख अमेरिकेत डोव्हर इथे आयएलसी कंपनीत तयार झाले. या कंपनीचं मूळ प्लेटेक्स ब्रँडची बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या उद्योगात. तिथल्याच शिवणकाम करणाऱ्या काही बायका या कामावर आल्या. एकावर एक सुमारे 21 थर! एखादी टाचणी आत राहिली तरी हवा धरणाऱ्या थराला भोक पडायची भीती. मुख्य अंतराळवीरांना प्रत्येकी तीन पोशाख मापाने शिवत: सरावाचा, उड्डाणाचा आणि राखीव.

आपले राकेश शर्मा 1984 मध्ये ज्या पोशाखात गेले, तो रशियन 'सोकोल'. तोही शिवलेलाच.

हा पाठ मी घेते त्याला एक कारण आहे. आमच्या घाटकोपरच्या वस्तीत कितीतरी घरांत आई ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, पीसवर काम आणते. तरी मुलांना विचारलं तर म्हणतात, "आई काही करत नाही, घरीच असते." शाळेच्या फॉर्मवरही 'गृहिणी' एवढंच लिहिलेलं.

म्हणून या पाठाचा गृहपाठ एवढाच द्या: घरात किंवा शेजारी कोणी शिवत असेल तर त्यांच्याजवळ बसा. माप कसं घेतात, शिलाईसाठी कापड किती सोडतात, ते विचारून वहीत लिहा. आणि पालकहो, मूल विचारायला आलं तर "काय त्यात सांगायचं?" असं म्हणू नका. सांगा.