नार्नूरची थंडी आणि संक्रांतीचा हलवा

थंडी म्हटली की कुणाला काश्मीर आठवते, कुणाला महाबळेश्वर. तेलंगणातील एखाद्या गावाचे नाव सहसा कुणाच्या ओठावर येत नाही. परंतु पौष महिन्यात एकदा आमच्या नार्नूरला मुक्कामास यावे, म्हणजे हा गैरसमज एका रात्रीत दूर होतो. आदिलाबाद जिल्ह्याचा हा भाग डोंगराचा आणि रानाचा. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून कोरडे वारे येतात, आभाळ निरभ्र असते, आणि दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. कडक हिवाळ्यात पहाटेचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. बर्फ पडत नाही. पण रांजणातले पाणी बोटाला चावते आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफा निघतात. शाळेतली मुले गोधड्यांसारखे जाड कपडे गुंडाळून येतात आणि प्रार्थनेला उभे राहताना उन्हाची तिरीप शोधतात.

या थंडीचा मला फार दिवस नुसता त्रासच वाटत असे. तिच्यावाचून अडणारी एक गोष्ट आमच्या घरात आहे, हे २०२५ सालच्या संक्रांतीने मला शिकविले.

त्या सुट्यांत माझी लेक हैदराबादहून दोन्ही मुलांना घेऊन आली होती. थोरली नात दहा वर्षांची, धाकटा नातू दहा महिन्यांचा. त्याची ही पहिलीच संक्रांत, म्हणजे बोरन्हाण करायचे आणि अंगावर हलव्याचे दागिने घालायचे. दागिने आता विकत मिळतात. लेकीने तसे सुचविलेही. त्यावर माझी आई एवढेच म्हणाली, "या घरातल्या प्रत्येक लेकराचा हलवा मी केलाय. याचाच तेवढा बाजारातून आणायचा का?"

आईचे वय एकोणऐंशी. डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा हात थरथरतो. तिचे माहेर किनवटचे. तिच्या जन्मी किनवट आणि नार्नूर एकाच आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली किनवट नांदेडकडे गेले, आम्ही आंध्र प्रदेशात आलो, आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. माहेरच्या वाटेवर राज्याची सीमा आली, तरी किनवटहून तिने आणलेला हलव्याचा हात काही बदलला नव्हता. आता तो हात दुसऱ्या कुणी तरी घ्यावयास हवा होता.

पहिल्या दिवशी मी आणि नात भर दुपारी गॅसपाशी बसलो. साबुदाणा, तीळ आणि खसखस निवडून ठेवली होती. साखरेचा एकतारी पाक केला, दुधाचा हबका मारून मळी काढली, फडक्यातून गाळला. परात तापवून त्यात साबुदाणा टाकला आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने पळीभर पाक ओतला. क्षणात त्याचा एक लाडू झाला! दुसऱ्या खेपेला दाणे सुटे राहिले, पण अगदी गुळगुळीत. काट्याचे नाव नाही. आई दाराशी बसून ऐकत होती. म्हणाली, "अरे, घाई केलीस. चमचा-चमचा पाक घालावा. आणि ही दुपार कसली? पहाटे उठा. थंडीवाचून काटा फुटत नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता उठलो. बाहेर धुक्यात समोरचे घरही दिसत नव्हते. शेगडीत निखारे केले, वर राख पसरली, परात मंद तापू दिली. नात कानटोपी घालून, शाल पांघरून बसली. एक चमचा पाक घालायचा आणि दाणे कोरडे होईपर्यंत बोटांनी अलगद फिरवत राहायचे. मग दुसरा चमचा. पाठ गारठलेली आणि बोटांना चटका, असा तो विचित्र उद्योग! आईला दाणे दिसत नव्हते, पण परातीतला आवाज ती ओळखत होती. "अजून ओला वाजतोय, थांब," किंवा "आता खुळखुळतोय, घाल पाक," असे ती सांगे आणि नात तसे करी. गार, कोरड्या हवेत पाकाचा पातळ थर दाण्यावर लवकर सुकतो, त्याचे बारीक कण जागच्या जागी धरतात आणि त्यांवर पुढचे कण चढत जातात. उजाडण्याच्या सुमारास नात एकदम ओरडली, "पणजी, बोटाला टोचतंय!" आईने दोन दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने चाचपले आणि काही न बोलता नातीच्या पाठीवरून हात फिरविला.

नात हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकते. तिच्या मराठीत तेलुगू आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ असते. माझ्या शाळेतल्या मराठी वर्गाचा पटही दरवर्षी थोडा थोडा उतरतो आहे, आणि मराठीचा एम. ए. असलेला मुख्याध्यापक त्यावर भाषणापलीकडे फारसे काही करू शकलेला नाही. पण त्या दोन पहाटांत परात, पाक, निखारा, काटा हे शब्द तिला कुणी शिकविले नाहीत. ते तिच्या बोटांना लागले.

दुसरी पहाट १३ जानेवारीची. त्या दिवशी भोगी आणि पौष पौर्णिमा एकत्र आल्या होत्या. याच पौर्णिमेला नार्नूरला थोडसम कुळातील गोंड बांधवांची खामदेवाची जत्रा भरते आणि कुळातील एक लेक दोन-अडीच किलो तिळाचे तेल देवासमोर प्राशन करते. नातीला घेऊन मी जत्रेला जाऊन आलो. परतताना ती म्हणाली, "आजोबा, सगळ्यांच्याच देवाला तीळ कसे आवडतात?" शेजारच्या तेलुगू बाई संध्याकाळी सूपभर बोरे घेऊन आल्या. त्यांच्याकडे भोगीला मुलांच्या डोक्यावरून बोरे ओततात. 'भोगी पळ्ळु' म्हणतात. आमचे बोरन्हाण त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

रात्री सौभाग्यवतीने आणि लेकीने पुठ्ठ्यावर बेगड चिकटवून एकेक दाणा दोऱ्याने गाठला. मुकुट, हार, कडी, बासरी. चौदा तारखेला काळे झबले घालून नातू पाटावर बसला. बोरे, चुरमुरे, हलवा यांचा वर्षाव झाला, आणि बाळकृष्णाने पहिल्या मिनिटातच बासरीचे टोक चाखले.

सुट्या संपून नात परत गेली. आठवड्याने तिचा फोन आला. तिने तिथे करून पाहिले होते; काटा अर्धवटच आला. "पणजी, इथे थंडीच नाही गं. पुढच्या वर्षी मी तिकडेच येते."

"ये," आई म्हणाली. "शेगडी मी पेटवून ठेवीन. परात तू धरायची."