आपल्याच माणसाला आतून पाडताना

केम

बापू,

तू पाठवलेला मजकूर वाचला. शेवटी ‘जास्तीत जास्त ग्रुपवर टाका’ अशी सूचना होती. मी तो कुठंही टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय.

ज्या बाईंबद्दल तो मजकूर आहे, त्या तुझ्याच पक्षाच्या. केम गटातून झेडपीचं तिकीट त्यांनी मागितलंय, तसं तुमच्या माणसानंही मागितलंय. यात वावगं काही नाही. पण आरोप बघ. सासरे पूर्वी दुसऱ्या पक्षात होते. माहेर तालुक्याबाहेरचं. निवडून आल्या तर कारभार नवराच बघणार. आणि समोरच्या पार्टीशी त्यांचं सेटिंग झालंय. चारातला एकही आरोप त्यांच्या कामावर नाही. गावच्या पाण्यासाठी त्या कधी पंचायत समितीत गेल्या का, असं विचारलं असतंस तर मीच तुझ्याबरोबर विचारलं असतं. आणि नवऱ्याचं म्हणशील, तर २००९ साली आपल्याच करमाळा मतदारसंघानं बाईवर भरवसा ठेवून श्यामल बागल यांना आमदार केलं होतं. तेव्हा तू शाळेत होतास, पण प्रचाराच्या जीपमागं पळत होतास.

सासऱ्यांच्या पक्षाचा मुद्दा करमाळ्यात काढायला मात्र धाडस लागतं. नारायण आबा पाटील २०१४ ला शिवसेनेचे, २०१९ ला अपक्ष, २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. रश्मी बागल २०१४ ला राष्ट्रवादीच्या, २०१९ ला शिवसेनेच्या, नंतर भाजपच्या. संजयमामा शिंदे २०१४ ला स्वाभिमानीकडून विधानसभेला, २०१९ ला राष्ट्रवादीकडून लोकसभेला, त्याच वर्षी अपक्ष म्हणून विधानसभेला. मी कुणाला नावं ठेवत नाही. आपल्याकडं माणूस आधी गटाचा असतो, मग पक्षाचा. पाटील गट, बागल गट, जगताप गट, शिंदे गट हे शब्द पक्षांच्या नावांपेक्षा जास्त टिकलेत. पण मग त्या बाईंच्या सासऱ्यांनाच निष्ठेची परीक्षा कशाला?

२०१९ तुला चांगलं आठवत असेल. आबा २०१४ ला अवघ्या २५७ मतांनी निवडून आलेले, शिवसेनेचे चालू आमदार. रश्मीताई निवडणुकीच्या तोंडावर सेनेत आल्या आणि एबी फॉर्म त्यांना मिळाला. आबांवर अन्याय झाला असं त्यांच्या जेऊरकडं कुणालाही विचारलंस तरी सांगतील, आणि मलाही ते पटतं. पण म्हणून रश्मीताईंवर जे झालं ते न्याय्य होत नाही. ज्या बाईला पक्षानं अधिकृत उमेदवार केलं, तिच्याविरुद्ध त्याच पक्षाचा मावळता आमदार अपक्ष उभा. अर्धे शाखाप्रमुख इकडं, अर्धे तिकडं. दिवसा धनुष्यबाण, रात्री दुसरंच. निकाल लागला: संजयमामा ७८,८२२, आबा ७३,३२८, रश्मीताई ५३,२९५. सेनेच्या दोघांची बेरीज करून बघ, सव्वा लाखाच्या वर जाते. ती सगळी मतं सेनेचीच होती असं मी म्हणणार नाही, बरीचशी गटांची होती. तरी ज्यांनी महिनाभर एकमेकांची उणीदुणी काढली, ते दोघेही घरी बसले एवढं खरं.

यात मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. तिकीट मिळेपर्यंत आपलीच माणसं उमेदवाराबद्दल जे बोलतात, तेच समोरचे पुढं वापरतात, आणि वर म्हणतात, ‘आम्ही कुठं म्हणतोय, तुमच्याच लोकांनी सांगितलंय.’ विरोधकाच्या आरोपाला सभेत उत्तर देता येतं. घरच्याच्या आरोपाला कुठं द्यायचं? पक्षाची बैठक निरीक्षकाच्या चहापाण्यात संपते, आणि निर्णय मुंबईत किंवा कुणाच्या तरी बंगल्यावर होतो.

खरी गोम इथंच आहे. आपल्या पक्षांत तिकीट सभासदांच्या मतांवर ठरत नाही. एका माणसाचं मन वळवायचं असतं, आणि त्यासाठी दुसऱ्याबद्दल त्याचं मन कलुषित करणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुतेक ठिकाणी मतदानानं ठरतो. तिथंही आपल्याच पक्षाच्या माणसावर चिखल उडतो, पण शेवटी मोजायला मतं तरी असतात. आपल्याकडं २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं काही मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला. त्यात लातूर होतं. दत्तात्रय बनसोडे पक्षांतर्गत मतदानातून उमेदवार झाले आणि मोदी लाटेत सुमारे अडीच लाखांनी पडले. प्रयोग तिथंच गुंडाळला गेला. लाटेत वरून दिलेले उमेदवारही पडले होते, तरी वरून उमेदवार देणं कुणी गुंडाळलं नाही.

तुझ्या नेत्यांना आवडेल असं एक उदाहरण देतो, पण त्याचा पुढचा भाग आवडणार नाही. सुशीलकुमार शिंदे फौजदारकी सोडून राजकारणात आले ते करमाळ्याच्या भरवशावर. तेव्हा ही जागा राखीव होती. १९७२ ला तिकीट दुसऱ्यालाच गेलं. नोकरी सोडलेली, तिकीट नाही. तरी ते बंड करून उभे राहिले नाहीत. १९७४ च्या पोटनिवडणुकीत इथूनच आमदार झाले. पुढं २००४ ला ते मुख्यमंत्री असताना उज्ज्वलाताई सोलापुरातून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि भाजपच्या सुभाष देशमुखांकडून थोडक्यात हरल्या. मुख्यमंत्र्याची बायको स्वतःच्या शहरात पडते म्हणजे आतून पाडलं, असं तेव्हा कुर्डुवाडीच्या फलाटापर्यंत सगळे बोलत होते. पुरावा कुणी दिला नाही. ज्यांच्याकडं बोटं दाखवली गेली, त्यांनाही खुलासा करायला जागा नव्हती. दगाफटक्याचा आरोपही असा वाऱ्यावर सोडता येतो, हे विसरू नकोस.

आणि ज्या घरानं हे भोगलं, त्याच घरानं २० नोव्हेंबर २०२४ ला, ऐन मतदानाच्या दिवशी, सोलापूर दक्षिणमध्ये महाविकास आघाडीचे उमेदवार अमर पाटील यांना सोडून अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा जाहीर केला. काडादी माणूस म्हणून चांगले की वाईट हा प्रश्नच नाही. पाठिंबा द्यायचा होता तर अर्ज माघारीच्या आधी बोलायचं. अमर पाटलांना उत्तर द्यायला, बाजू मांडायला वेळ मिळाला असता. मतदान सुरू झाल्यावर बोललेलं खरं असलं तरी ते न्यायाचं नसतं. तिथून भाजपचे सुभाष देशमुखच पुन्हा निवडून आले.

तू म्हणशील, काका, राजकारणात एवढं सोवळं चालत नाही. सोवळं मी कुठं मागतोय? १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष कोण यावरून जहाल-मवाळांत खुर्च्या उडाल्या, मराठी जोडा थेट व्यासपीठावर गेला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी, फिरोजशहा मेहतांना लागला. वाईटच झालं. पण तो जोडा भर मंडपात फेकला होता, ‘फॉरवर्डेड’ लिहून नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तुमच्या माणसानं तालुक्याच्या बैठकीत उभं राहावं, बाई समोर असताना सांगावं की माझं काम हे, यांचं काम ते, म्हणून तिकीट मला द्या. कडक बोलू दे, माझी हरकत नाही. बोललेलं स्वतःच्या नावावर असू दे आणि एबी फॉर्म वाटायच्या आधी असू दे. सेटिंगचा पुरावा असेल तर तोही तिथंच ठेवा. तिकीट त्यांना मिळालं तर गप्प घरी बसलास तरी चालेल; दिवसा त्यांच्या गाडीत आणि रात्री दुसऱ्याच्या वाड्यावर, एवढं करू नकोस. त्या बाई काल कुंकवाच्या कारखान्यातल्या बायकांना भेटायला आल्या होत्या. तुझी काकू तिथं होती. हा मजकूर त्यांच्यापर्यंत पोचलाय, आणि आपल्या घरातून गेलाय असा त्यांचा समज झालाय.

म्हणून आधी हे कळव: तो मूळ कुणी लिहिला? तू लिहिला नसशील तर तुला तो कुणाकडून आला? त्यांना काय सांगायचं ते मला ठरवायचंय, आणि उमेदवारीच्या मुलाखती पुढच्याच आठवड्यात आहेत.

तुझा
काका