दिव्याचे बटण

वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली बजाज चेतक माझ्याकडे आली तेव्हाच तिचे वय झाले होते. मी मूळचा देगलूरचा. नोकरीच्या निमित्ताने हैदराबादेत आलो, हायस्कूलचा मुख्याध्यापक झालो, एम.ए.ची पदवीही मिरवली. पण स्कूटरच्या बाबतीत किक मारण्यापलीकडे माझे ज्ञान कधी गेले नाही.

गेल्या भाद्रपदात सौ.ला मागे बसवून सुलतान बाजारातून मलकपेटकडे निघालो होतो. चादरघाटच्या पुलावर दिवा एकाएकी गेला. समोरच्या बसच्या उजेडाने डोळे दिपले आणि पाठोपाठच्या अंधारात एक हातगाडीवाला पुढ्यात! हातभर अंतरावर गाडी थांबली. तो बिचारा काही बोलला नाही. सौ.ही घरापर्यंत काही बोलली नाही, ते जास्त वाईट होते.

दुसऱ्या दिवशी पुतलीबावलीत एका पोरसवदा मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी हलवून पाहिली आणि म्हणाला, "साब, बल्ब अच्छाच है. बटन खोलके देखना पडता." (हा 'च' आपलाच. दख्खनीत तो इतका मुरलाय की ऐकताना परके वाटत नाही.) मी ऐटीत उत्तरलो, "नक्को, बल्बच डालो." बल्ब बसवला, दिवा लागला. पैसे शनिवारी देतो म्हणून मी निघालो. दोन दिवसांत दिवा पुन्हा गेला. मग शनिवारी चार गिऱ्हाइकांदेखत मी त्याला खोटा माल विकणारा म्हटले, चोर म्हटले आणि बल्बचे पैसे नाकारले. तो खाली मान घालून पाना पुसत राहिला. वर्गात निरपराध पोर असेच उभे राहते, हे मला त्या क्षणी सुचायला हवे होते.

रविवारी अंगणात स्वतःच बसलो. शेजारच्या रावांनी तेलुगूत काळजी व्यक्त करीत आपल्या मोटारीच्या बॅटरीवर माझा बल्ब लावून दाखवला. अप्पर, डिपर, दोन्ही तारा लख्ख पेटल्या. बल्ब निर्दोष! पोटात तिथेच कालवले. आमच्या चेतकला दिव्यासाठी बॅटरी नाही. इंजिनातल्या मॅग्नेटोची वीज थेट येते, म्हणून गाडी सुस्त चालली की दिवाही मंद. भोंगा वाजत होता, म्हणजे वीज निघत होती. मग हँडलवरचे बटण उघडले. इंजिन बंद ठेवून, बटणात येणारी तार आणि दिव्याकडे जाणारी तार वायरच्या तुकड्याने जोडली. किक मारली, इंजिन फार न रेटता. दिवा लागला! दोष मधल्या बोटभर जागेत होता.

आत पितळेच्या पट्ट्या पावसाच्या पाण्याने हिरव्या-काळ्या पडल्या होत्या आणि त्यांना टेकणारी पाती मलूल होऊन जेमतेम शिवत होती. धक्का बसला की शिवायची, दुसऱ्या धक्क्याने सुटायची. नवा बल्ब बसवताना झालेल्या हलवाहलवीने दिवा का लागला, ते आता कळले. पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या, पाती सुईने किंचित उचलली. दरम्यान एक स्प्रिंग उडून तुळशीवृंदावनात गेली. ती शोधण्यात अर्धा तास. चिरंजीव बाजूला उभे राहून हसत होते. म्हणाले, "बाबा, माझ्या गाडीला हे बटणच नाही!" खरेच आहे, 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. बंद करायची सोयच नाही. उरला तो फक्त डिपर.

संध्याकाळी दिवा स्थिर जळू लागला, पण मला काही जेवण गेले नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर पुतलीबावली गाठली. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो. चार गिऱ्हाइके होतीच, जरी ती नव्हेत. म्हटले, "बेटा, बल्ब अच्छा था. बटन खराब था. मैं गलत बोला." वाक्य पाठ करून गेलो होतो, तरी शेवटी आवाज अडखळला. पैसे पुढे केले. त्याने ते मोजून घेतले, खिशात घातले आणि मला काही न विचारता हँडलजवळ वाकून बटणाच्या झाकणावरून बोट फिरवले.

"साब," तो म्हणाला, "येक स्क्रू कम है."

तो स्क्रू माझ्या टेबलावर, कंपासपेटीत होता. त्याने आपल्या डब्यातला एक काढून बसवला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.