धानाच्या जिल्ह्यात कटिंग

२२ सप्टेंबर २०२४

सकाळी उपाशीपोटी वजन केलं. ८४ किलो २०० ग्रॅम. १५ डिसेंबरला नागपूरला शरीरसौष्ठव स्पर्धेत ७५ किलोच्या गटात उतरायचं आहे, म्हणजे आठवड्याला पाऊण किलो. याहून घाई केली तर चरबीच्या आधी स्नायू उतरतो, आणि मग स्टेजवर नुसता बारीक झालेला माणूस दिसतो. असे बारीक झालेले पोरगे दरवर्षी बघतो.

सगळ्यांना वाटतं शरीर जिममध्ये बनतं. ऑफ सीझनमध्ये बनत असेलही. कटिंगचे, म्हणजे चरबी उतरवायचे, तीन महिने मात्र स्वयंपाकघराचे. घरच्या काट्यावर कच्चा तांदूळ ६० ग्रॅम मोजला. आईनं पातेल्यात वाकून बघितलं.

"काहून रे, येवढासाच भात? चिमन्याले टाकाचा आहे का?"

तिचंही बरोबर आहे. भंडाऱ्याच्या मोहाडी तालुक्यात, चार एकर धानाच्या घरात, भात मोजून खाणारा माणूस तिनं कधी पाहिला नाही. शहरातले कोच पहिल्या दिवसापासून भात बंद करून ओट्सवर आणतात. मला ते पटत नाही. भात पचायला हलका, पोट फुगवत नाही, मिठाशिवायही घशाखाली उतरतो. दोष भाताचा नाही, परातीएवढ्या ताटाचा आहे.

प्रोटीन दिवसाला १७० ग्रॅमच्या आसपास. बारा अंड्यांचा पांढरा, अर्धा किलो चिकन, बाकी मासे आणि ताक. मासे आपल्याकडे स्वस्त आणि ताजे. मालगुजारी तलावावर ढिवर बांधवांनी सकाळी जाळं काढलं की रोहू, कतला, नशीब असेल तर मरळ. तेल न घालता तव्यावर भाजलेला मरळ मी कुठल्याही डब्यातल्या पावडरीपेक्षा वर ठेवतो.

जिममधल्या एका पोराला कोणीतरी सांगितलं, लाखोरीच्या डाळीत तुरीपेक्षा जास्त प्रोटीन असतं, दोन वेळा खा. असतं खरं. पण लाखोरीत मज्जातंतूंना मारक द्रव्यही असतं. महिनोन्‌महिने तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे. दुष्काळात लोकांनी नाइलाजानं खाल्ली, तू हौसेनं कशाला खातोस, असं म्हटलं त्याला. कधीमधी वरणात असली तर गोष्ट वेगळी.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली पाळी. कारखान्यात चहाच्या सुट्टीत मोबाईलवर निकाल बघितला. लास वेगासला मिस्टर ऑलिम्पिया सॅमसन दाउदा जिंकला. हादी चूपान दुसरा, गेल्या वर्षीचा विजेता डेरेक लन्सफर्ड तिसरा. दाउदा आधी रग्बी खेळायचा. बक्षीस सहा लाख डॉलर, म्हणजे पाच कोटी रुपये. १९६५ साली जो वीडरनं ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा कोणाला वाटलं असेल!

बाजूच्या मशीनवरचा मित्र म्हणाला, "तू पण प्रो होशील ना बे?" त्याला समजावून सांगण्यात सुट्टी संपली. प्रो म्हणजे नुसता पैसे घेऊन दंड दाखवणारा नव्हे. प्रो कार्ड लागतं. ते ठरावीक पात्रता स्पर्धा जिंकल्यावरच मिळतं, आणि त्याआधी जिल्हा, विदर्भ, राज्य अशा हौशी पायऱ्या. मी दुसऱ्या पायरीवर आहे. त्यात संघटना एक नाही. कोणत्या संघटनेच्या स्टेजवर उतरलास तर कोणत्या स्टेजचे दरवाजे बंद होतात, हे आधी विचारून घ्यावं लागतं. पोरं विचारत नाहीत.

आमच्या जिममध्ये सुहास खामकरचं पोस्टर आहे. २०१० मध्ये मिस्टर एशिया झालेला कोल्हापूरचा गडी. त्याच्या शेजारी प्रेमचंद डेगरा, ज्यानं १९८८ मध्ये जागतिक हौशी स्पर्धेत आपल्या गटाचं सोनं आणलं. विदर्भातला एकही फोटो भिंतीवर नाही, आणि याची मला चीड आहे. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. त्यांचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवून आले. म्हणजे व्यायामाची परंपरा आपल्याकडे कमी नव्हती. कमी पडतात त्या स्पर्धा. लालबाग-परळच्या पोराला थंडीत दर आठवड्याला कुठल्यातरी मैदानात स्टेज मिळतं. भंडाऱ्याच्या पोराला वर्षातून एखाददुसरं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. बहीण साकोलीहून आली. ताटात करंजी, अनारसे, चकली. ओवाळून घेतलं, करंजीचा तुकडा तोंडाला लावला आणि भाच्याला दिला. बहीण रुसली नाही, आईच रुसली. वजन ७९.

उद्यापासून मंडई, आमच्याकडची गावोगावची जत्रा. एकेका गावाची एकेक दिवशी, रात्री दंडार नाहीतर वडशाच्या कंपनीचं नाटक. मित्र रात्रभर बसणार. मला साडेनऊला झोपायचं आहे. भुकेपेक्षा हे जास्त जड जातं. कटिंगमध्ये माणूस पंगतीतून उठतो, मग गप्पांतून, मग गावातून. घरच्यांना वाटतं ह्याला गर्व आला. अंगात बोलायची ताकद नसते, एवढंच असतं.

१४ नोव्हेंबर

धानाची कापणी. रात्रपाळी करून सकाळी वावरात. बांधीतून भारे उचलून पुंजण्यापर्यंत न्यायचे. तिसऱ्या भाऱ्याला डोळ्यांपुढे काजवे. बाबा बघत होते.

"जिममंदी येवढं वजन उचलतेस, मंग हा भारा काहून जड लागते?"

मजूर बायाही हसल्या. साठीतले बाबा दिवसभर भारे वाहतात आणि त्यांच्या पोटावर एकही कट नाही. खरं सांगायचं तर स्टेजवरच्या दिवशी बॉडीबिल्डर वर्षातला सगळ्यात अशक्त असतो. बघणाऱ्याला तो सगळ्यात बलवान वाटतो, ही या खेळाची गंमत. ताकदीला गुण नाहीत. गुण आकाराला, प्रमाणबद्धतेला आणि कातडीखाली किती दिसतं त्याला.

पाय आज सोडले. भाऱ्यांनीच झाले.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. गेले पंधरा दिवस दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांचे फोन, रॅलीत टी-शर्ट घालून पुढे चाला म्हणून. एकजण हजार रुपये रोज देत होता. अंडी-चिकनाचा चार दिवसांचा खर्च निघाला असता. गेलो नाही. आम्हाला पुढे चालवतात ते लोकांनी घाबरावं म्हणून.

२६ नोव्हेंबर

नागपूरहून पावडरचा डबा आणला. साडेसहा हजार. धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये. बाबांनी डबा हातात घेऊन तोलला, काही बोलले नाहीत. जवळपास तीन क्विंटल धान त्या डब्यात होतं. पुन्हा आणणार नाही. पाळीवर डबा उघडायला वेळ मिळत नाही म्हणून घेतला, बाकी अंड्यात जे आहे तेच त्यात आहे.

१ डिसेंबर

वजन ७६.३. आता पोझिंग.

सक्तीच्या पोझ सात. फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, अ‍ॅब्डॉमिनल अँड थाय. शिवाय फायनलला साठ सेकंद गाण्यावर. लोकांना वाटतं ही नुसती ऐट. आरशासमोर एकेक पोझ अर्धा मिनिट आवळून धरा, मग कळेल. बॅक डबल बायसेप्समध्ये हात वर, एक पाय मागे चवड्यावर, पोटरी आवळलेली, मांडीची मागची बाजू आवळलेली, ढुंगण आवळलेलं, आणि पाठ उघडत न्यायची. यातलं एक ढिलं पडलं की परीक्षकाची नजर नेमकी तिथेच. चेहरा हसरा ठेवायचा. माझी पोटरी दर वेळी विसरते. जिमच्या उस्तादांनी मागून छडी टेकवून ठेवली. रात्री दोन्ही पायांत गोळे आले.

जिल्ह्यातली पोरं इथेच हरतात. शरीर असतं, दाखवता येत नाही.

८ डिसेंबर

आज एकानं गोळी देऊ केली. कुठल्या जिमचा, ते लिहीत नाही. पांढरी, छोटी, मेडिकलमध्ये सहज मिळणारी. "आदल्या रात्री दोन, सकाळी एक. पाणी सगळं निघून जाते. कागदासारखी कातडी."

ही लघवी वाढवणारी गोळी. डॉक्टर ती हृदयाच्या, रक्तदाबाच्या रुग्णाला मोजून देतात. पाण्याबरोबर पोटॅशियम निघून जातं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचा ठोका चुकतो. मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये स्पर्धेनंतर काही तासांत गेला. आंद्रेआस मुन्झर १९९६ मध्ये गेला, एकतीस वर्षांचा. त्याच्यासारखी कोरडी कातडी तेव्हा जगात कोणाची नव्हती. हे दोघे प्रो होते, पैसा होता, डॉक्टर होते. आमच्याकडे अर्ध्या रात्री काही झालं तर भंडाऱ्याला न्यायला गाडी शोधावी लागते.

शिवाय हिशेबही चुकीचा आहे. स्नायूत तीन चतुर्थांश पाणी. साखर साठवतानाही स्नायू ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी ओढून घेतो. पाणी काढलं की आधी स्नायूच बसतो. गोळी प्रतिबंधित यादीत आहे हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तिथे तपासते कोण. हे मात्र त्यानं खरं सांगितलं.

१३ डिसेंबर

कालपासून ताटभर भात परत आला. आज दिवसभरात साडेसहाशे ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, थोडा मध, मोजकं मीठ, पाणी नेहमीसारखं. आई तीन वेळा चुलीपाशी, खुशीत. दुपारपर्यंत पोटऱ्या गच्च, खांद्यावर शिरा. वजन ७४.६.

संध्याकाळी अंगावरचे केस काढले.

१४ डिसेंबर

टॅनचा पहिला हात. मित्रानं स्पंजनं लावला, मी ओसरीवर हात पसरून उभा, खाली जुनी पोती. स्टेजचे दिवे इतके तेज असतात की उघड्या रंगावर एक कट दिसत नाही, म्हणून हा काळपट लेप. स्पंज सरळ ओढायचा, गोल फिरवला की डाग पडतात. कोपर, गुडघे आणि घोटे यांवर कमी. काखेत सुकेपर्यंत हात खाली करायचा नाही. शेजारची पोरं कुंपणाला लागून. थंडी मरणाची, पण स्वेटर घालता येत नाही. आजी म्हणाली, हळद लागते तसं लागून राहिलं बाप्पा. आईनं चादर दिली, ती आता कायमची गेली.

१५ डिसेंबर

मित्राच्या गाडीनं नागपूर, सीटवर पोती. आजच नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी, उद्यापासून अधिवेशन. जागोजागी पोलीस, रस्ते वळवलेले. एका हवालदारानं गाडीत वाकून बघितलं, काळाकुट्ट चमकणारा माणूस बघून एक पाऊल मागे गेला. मग विचारलं, "कोणता गट?" तोही कधीकाळी उतरला होता.

वजन ७४.८. गटात चौदा जण. पहिल्या कंपॅरिझनला सहा नावं पुकारली, त्यात माझं होतं. दोन कोपऱ्यांतून मधे आणतात की मधून कोपऱ्यात नेतात, त्यावरून स्टेजवरच अंदाज येतो. मला मधून डावीकडे नेलं. पाठीच्या पोझला शिट्ट्या आल्या. पोटरी विसरली नाही. पायांत मात्र बाकीच्यांइतकी कोरड नव्हती, ते मलाही बाजूला बघून कळत होतं.

पाचवा आलो. पहिल्या तिघांपैकी एकाला स्टेजमागे दोघांनी धरून बसवलं होतं, हातापायांत गोळे, ओठ पांढरे. तोंडात मीठ आणि केळं कोंबत होते. तो कोणत्या नंबरचा, ते लिहीत नाही.

१७ डिसेंबर

हिशेब. अंडी, चिकन, मासे वीस हजार. पावडर साडेसहा हजार. प्रवेश फी पंधराशे. टॅन नऊशे, ट्रंक सातशे, डिझेल बाराशे. एकूण ३०,८००, म्हणजे तेरा क्विंटलांवर धान. बक्षीस दोन हजार आणि प्रमाणपत्र.

एका परीक्षकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, वरचा भाग पहिल्या तिघांत बसतो, पाय दोन वर्षं मागे आहेत. पटलं. पुढच्या वर्षी स्पर्धा नाही. वर्षभर पाय, आठवड्यातून दोनदा, आणि २०२६ मध्ये याच ७५ किलोच्या गटात. गोळीशिवाय.