शहाण्णव अंश

सप्टेंबर संपत आला की पाचगणीच्या बाजूला धुकं खिडकीतून थेट वर्गात येतं. वह्यांची पानं मऊ पडतात, शाई फुटते. अशाच एका दुपारी सहावीच्या सव्वीस वह्या घेऊन मी तपासायला बसले होते. पाणी तापवायचं, दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचं, उकळी आली की किती झालं ते बघायचं, एवढाच प्रयोग. शाळेत स्पिरिटचा दिवा एक आणि थर्मामीटरही एकच, त्यामुळे पाच गटांना आळीपाळीनं करायला दोन दिवस लागले होते.

वह्या भराभर सरकत होत्या. उकळल्यावर १००, १००, १००. मग एक वही आली, तिच्यात लिहिलं होतं ८८, ९३, ९६, ९६, ९६. खाली वाकड्या अक्षरात एक ओळ होती : ‘पाणी उकळतंय पण लाल रेघ पुढे जात नाही.’ मी ९६ ला गोल केला, शेजारी ‘१०० हवे. नीट बघ’ असं लिहिलं आणि दहापैकी पाच गुण दिले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. वर्गात फारसं न बोलणारी. “बाई, मी नीट बघितलं होतं,” एवढंच म्हणाली. मी तिला पुस्तकातलं पान उघडून दाखवलं. ती “हो बाई” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. ते “हो बाई” अजून माझ्या कानात आहे.

मी वाईला राहते. संध्याकाळी एसटीनं पसरणीचा घाट उतरताना माझ्या कानांना रोज दडे बसतात. दोन-तीन वळणांनंतर आवंढा गिळला की कान मोकळे होतात. त्या संध्याकाळीही तसंच झालं आणि पुढच्याच वळणावर मला घाम फुटला. वर हवेचा दाब कमी, खाली जास्त, म्हणून कान बंद होतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पाणी कधी उकळतं, तर त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की. हेही सांगते. या दोन गोष्टी मी आयुष्यात कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंचावर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनांक सुमारे एक अंशानं उतरतो. म्हणजे आमच्या शाळेत पाणी ९६ च्या आसपासच उकळणार. शंभर लिहिणाऱ्या पंचवीस वह्यांना मी पैकीच्या पैकी दिले होते आणि खरं लिहिणारीला पाच.

तरी खात्री हवी होती, थर्मामीटरच चुकत असला तर? दुसऱ्या दिवशी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला, ठेचून वितळायला ठेवला आणि त्यात थर्मामीटर धरला. रेघ शून्यावर येऊन थांबली. मग गॅसवर पाणी ठेवलं. वाई साधारण सातशे मीटरवर आहे. उकळी फुटली आणि रेघ ९८ ला जरा कमी अशी थांबली. मी गॅस बंद न करता बराच वेळ तशीच बघत उभी होते. आमच्या घरात इतकी वर्षं रोज पाणी उकळत होतं.

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या सांगितलं, की माझी तपासणी चुकली आहे. मग विचारलं, “थर्मामीटरवर शंभर कुणाकुणाला दिसलं होतं? खरं सांगा.” एकही हात वर झाला नाही. हळूहळू एकेक जण बोलायला लागला. सगळ्यांना पंच्याण्णव, शहाण्णवच दिसलं होतं. “पुस्तकात शंभर आहे ना बाई, म्हणून मग शंभर केलं,” एक मुलगा म्हणाला. त्याच्या वहीत ७०, ८०, ९०, १०० अशा सारख्या पायऱ्या होत्या. त्यानं मला फसवायला ते लिहिलं नव्हतं. बाईंना जे हवं ते त्यानं नीटनेटकं करून दिलं होतं, आणि बाईंना काय हवं हे बाईंनीच लाल शाईनं त्याला वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

मूल्यमापनाचं शास्त्र मला माहीत नव्हतं असं नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. प्रशिक्षणं केली, आठ साधनतंत्रं पाठ केली : दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प वगैरे. सहावीला पन्नास गुण आकारिक, पन्नास संकलित. वर्षभर मूल काय करतं, कसं करतं, हे शिक्षकानं बघावं म्हणून तर आकारिकचे पन्नास. ती योजना मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण वह्या तपासताना मी आकारिकचे गुणही लेखी पेपरसारखेच देत होते, उत्तर जुळलं की बरोबर, नाही जुळलं की गोल.

आधी त्या मुलीचे गुण दुरुस्त केले. पाचाचे आठ झाले. आकृतीला तिनं नावं दिली नव्हती, ते दोन कापलेलेच ठेवले. नोंदवहीत खोडरबर चालत नाही, जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, बाजूला नवा आकडा आणि सही. मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांनी कारण विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि “लिहून ठेवा बाई, कारणही लिहून ठेवा” म्हणाले. बाकीच्या पंचवीस जणांचे गुण मी कमी केले नाहीत. शंभरची अपेक्षा माझी होती, त्याची शिक्षा त्यांना कशाला? त्यांना प्रयोग पुन्हा करायला दिला आणि नव्यानं गुण दिले.

या वेळी फळ्यावर पाच गटांचे पाच आकडे आले : ९५, ९६, ९६, ९७, ९६. लगेच भांडण. सत्त्याण्णववाले हट्टाला पेटले. तेव्हा तीच मुलगी उठली आणि म्हणाली, “त्यांच्या थर्मामीटरचा फुगा चंचुपात्राच्या बुडाला टेकला होता. मी बघितलं.” पुन्हा लावून बघितलं, फुगा वर उचलल्यावर रेघ ९६ वर उतरली. पंच्याण्णववाला मुलगा उंच होता आणि वरून तिरका बघत होता, तेही कळलं. एका आकड्यासाठी मुलं इतकी भांडलेली मी कधी पाहिली नव्हती. सेल्सिअसनं १७४२ मध्ये मोजपट्टी मांडली तेव्हा त्यानं पाणी उकळतं तिथं शून्य आणि गोठतं तिथं शंभर धरलं होतं, आणि हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचं उकळणं बदलतं हेही त्याला माहीत होतं, असं मी सांगितलं. तेव्हा एकानं विचारलं, “मग पुस्तकात का नाही, बाई?” मी म्हटलं, आपण वहीत लिहू.

तेव्हापासून जूनच्या पहिल्या तासाला मी अपेक्षा सांगते. प्रयोगाची नोंद पेननं, खोडरबर बंद. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, जशी आमच्या नोंदवहीत मारतात तशी. दहातले चार गुण जे दिसलं ते तसंच लिहिल्याचे. तीन गुण, पुस्तकातल्यापेक्षा वेगळं आलं तर ते का, याचा विचार केल्याचे. दोन आकृतीचे. उत्तर जुळल्याचा एक. बाजारातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणला तर प्रकल्पाला गुण नाहीत. ओढ्याकाठची माती आणि शेतातली माती दोन डब्यांत घेऊन कुठल्या मातीतून किती पाणी गळलं एवढंच मोजून आणलं तर पूर्ण गुण.

हे तपासायला वेळ लागतो. पूर्वी सव्वीस वह्या एका मधल्या सुट्टीत व्हायच्या, आता दोन संध्याकाळी जातात. एक वडील चिडून आले होते, “उत्तर चूक आणि मार्क सात, हे कसलं?” त्यांची काळजी खोटी नव्हती. शिष्यवृत्तीच्या पेपरात गोल काळा करायचा असतो, तिथं कुणी कारण विचारत नाही. म्हणून लेखी परीक्षेत ‘समुद्रसपाटीला १००’ असं लिहायचं, हे मी मुलांकडून घोटून घेते. पेपरात त्यांचं नुकसान झालेलं मला चालणार नाही. पण प्रयोगाच्या वहीत पेपरातलं उत्तर आलेलंही मला चालत नाही. दोन्ही सांभाळायचं म्हणजे कसरत आहे, ती मी करते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी महाडला मामाकडे जाणार होती. शाळेचा थर्मामीटर जडसंग्रहात नोंदवलेला, तो देता येईना. मी साताऱ्याहून एक नवा विकत आणला आणि तिच्या हातात दिला. आंबेनळी घाट उतरून तो सुखरूप गेला आणि सुखरूप परत आला. वहीत तीन ओळी होत्या. पाचगणी ९६. वाई ९८ ला थोडं कमी, कंसात ‘बाईंनी मोजलं’. महाड १००. त्याखाली तिनं आपणहून आणखी लिहिलं होतं, की आजीकडे तुरीची डाळ पातेल्यात किती वेळात शिजली आणि घरी किती वेळ लागतो.

सुट्टीनंतर प्रगतीपुस्तकं द्यायची होती. तिचे विज्ञानाचे गुण अठ्ठ्याहत्तरवरून एक्क्याऐंशी झाले होते, म्हणजे ब-१ ची श्रेणी अ-२ झाली होती. तिची आई आली. ती मूळची महाडची, लग्न होऊन वर आलेली. श्रेणीकडे तिनं बघितलंही नाही. प्रगतीपुस्तक घडी घालून पिशवीत टाकलं आणि दाराशी रेंगाळली.

“बाई, पोरगी म्हणते ते खरं का? हितं डाळ शिजत नाय ते पाण्यामुळं नाय?”

“हवेमुळं. पाणी कमी तापतं आणि आधीच उकळतं. कुठलंही घेतलं तरी तसंच.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तेरा वर्षं झाली. डाळीपुरता हंडा मी वरल्या झऱ्यावरनं आणते.”