पुतणीसाठी बंदूक घेताना

बंदूक म्हटली की आमच्या पिढीला गावातील वाड्याची भिंत आठवते. ओसरीवर खुंटीला टांगलेली, तेल पाजलेली, आणि पिकात डुकरे शिरली की खाली उतरणारी. त्या वेळी आमच्या वस्तीतली माणसे सोबत जायची, पण हाकारे म्हणून. डबे बडवायचे, जनावर उठवायचे आणि बार झाला की जमिनीला चिकटायचे. आमच्या वडिलांनी आयुष्यात कितीतरी बार ऐकले असतील, परंतु बंदुकीला त्यांचा हात कधी लागला नाही. त्याच वडिलांच्या नातीसाठी 2025 साली आम्ही बंदूक विकत घ्यायला निघालो. त्यात आम्ही काय चुका केल्या आणि काय शिकलो, ते सांगितले तर एखाद्या कुटुंबाचे पैसे वाचतील, म्हणून हा प्रपंच.

आमचे थोरले बंधू लष्करात होते. काही वर्षे त्यांची नेमणूक महूला होती. महू आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पण तेथे लष्कराचे नेमबाजीचे मोठे केंद्रही आहे. आमच्या पुतणीने लहानपणी तेथेच आकाशात उडणाऱ्या आणि फुटून भुगा होणाऱ्या केशरी चकत्या पाहिल्या. ते वेड तिच्या डोक्यातून गेले नाही. पुढे कॉलेजात एन.सी.सी. झाली, रायफल हाती आली, पण तिचे समाधान झाले नाही. 2023 मध्ये ती एका क्लबात दाखल झाली आणि ट्रॅप हा प्रकार शिकू लागली.

घरात बंदूक येणार म्हणताच आमच्या मातोश्रींनी आम्हाला समोर बसवले. "पाणातिपाता रोज म्हणतोस ना रे?" त्यांना आम्ही चकती आणून दाखवली. नाव 'क्ले', म्हणजे माती, पण असते ती डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची. व्यास 110 मिलिमीटर, वजन 105 ग्रॅम, आकाराने उथळ बशीसारखी. पूर्वी या खेळात जिवंत कबुतरे सोडीत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती मारली गेली. आता फुटते ती फक्त बशी. मातोश्रींनी चकती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "मग बशी फोडायला एवढा खर्च?" या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवले. रेल्वेत नोकरी करणारा मुलगा, म्हणून आम्हा नोकरदारांना त्याचे विशेष कौतुक वाटले. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारू लागले, "तुमच्या पुतणीचीही तशीच बंदूक का?" नव्हे. स्वप्निलची रायफल. तिच्यातून एक गोळी सुटते, समोरचे लक्ष्य स्थिर असते. शॉटगनमधून शेकडो बारीक छर्रे एकदम सुटतात आणि लक्ष्य पळत असते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला रौप्यपदक मिळवले ते या शॉटगनने, डबल ट्रॅपमध्ये. तो प्रकार 2016 नंतर ऑलिंपिकमधून गेला. आता ट्रॅप आणि स्कीट उरले आहेत. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे पंधरा मीटरवर खंदक असतो. त्यातील यंत्रातून चकती सुटते ती आपल्यापासून दूर, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. नेमबाज बार काढतो तोवर ती तीस-पस्तीस मीटर गेलेली असते. स्कीटमध्ये चकत्या दोन बाजूंच्या मनोऱ्यांतून आडव्या येतात आणि बऱ्याच जवळून जातात. म्हणून दोन्हींच्या बंदुका वेगळ्या. ट्रॅपची नळी लांब, तीस-बत्तीस इंची, आणि तिचे तोंड आवळलेले, म्हणजे छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. याला चोक म्हणतात. स्कीटला तोंड मोकळे लागते.

हे सारे आम्ही नंतर शिकलो. आधी काय केले ते सांगतो. पतपेढीच्या कर्जाचे कागद खिशात घालून एका मोठ्या शहरातील दुकानात गेलो. पुतणीला परीक्षा होती म्हणून ती बरोबर नव्हती, आणि तिथेच पहिली चूक झाली. दुकानदार म्हणाला, "मुलीसाठी ना? मग हलकी घ्या." त्याने दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली एक दुनळी काढली. वजन तीन किलोच्या आत. पितळी रंगाची वेलबुट्टी, अक्रोडाचा दस्ता, त्यावर पाण्यासारखी रेघ. हातात घेतली आणि खोटे कशाला बोलावे, वाड्यातली ती भिंत डोळ्यांपुढे आली. आता आपल्याही भिंतीवर, असे मनात आले. बयाणा द्यायला हात खिशाकडे गेला होता. सौभाग्यवतींनी बाही ओढली. "जिच्या खांद्यावर ठेवायची तिला विचारलेत का?"

आम्ही परत आलो ते बरे झाले. पुतणीचे शिक्षक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांनी वजन ऐकले आणि हसले. हलकी बंदूक उचलायला सोपी, पण धक्का जास्त देते. शिकारीला दिवसात दहा बार होतात तेव्हा चालते. येथे दिवसाला शंभर-दीडशे. ट्रॅपची बंदूक साडेतीन किलोच्या पुढचीच बरी. धक्का जिरवते आणि एकदा वळू लागली की मध्येच अडखळत नाही. नळ्याही शेजारी-शेजारी नकोत, एकावर एक हव्यात. नजरेपुढे एकच अरुंद रेघ राहते, आणि खालच्या नळीचा बार सरळ खांद्यात येत असल्याने तोंड फारसे उडत नाही. दुसरा बार लगेच काढायचा असतो ना! ट्रॅपमध्ये एका चकतीला दोन काडतुसे मिळतात. गावाकडच्या एकनळीचे तर येथे कामच नाही.

पण पुतणीचे खरे दुखणे वेगळेच होते. एका स्पर्धेत क्लबची बंदूक घेऊन ती उतरली आणि पहिल्या फेरीत पंचवीसपैकी अकरा फोडल्या. संध्याकाळी उजवा गाल काळानिळा. आम्ही म्हणालो, सराव कमी पडला. तीही रडत तेच म्हणाली. क्लबातील एकाने सल्ला दिला की हा मुलींचा खेळच नव्हे. असा सल्ला फुकट मिळतो.

सुभेदारांनी तिला अंगणात उभे केले. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये लहानसे भोक धरायला लावले आणि दोन्ही डोळ्यांनी त्यातून लांबचा दिव्याचा खांब पाहायला सांगितला. मग एकेक डोळा मिटायचा. उजवा उघडा ठेवला की खांब नाहीसा. डावा ठेवला की जागच्या जागी. पोर उजव्या हाताची आणि तिचा मुख्य डोळा डावा! शॉटगन दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतात. खांदा एकीकडे आणि डोळा दुसरीकडे असला की बार चकतीच्या बाजूने जाणार. वर्षभर ती स्वतःला दोष देत होती. (ही चाचणी दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत केली. आमचाही डोळा डावाच निघाला. एरवी आमच्या आयुष्यात त्याने काही बिघडले नाही.)

उपाय दोन होते. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा ठिपका लावायचा किंवा खांदा बदलायचा. पुतणी म्हणाली, "काका, शिकून थोडेच दिवस झालेत. डाव्या खांद्यावर घेते." महिनाभर ती रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावीत आरशापुढे उभी राहायची.

आता बंदूक कोणती घ्यायची, हे ठरवणे एकदम सोपे झाले आणि अवघडही. बहुतेक दस्ते उजव्या खांद्यासाठी किंचित बाहेर वाकवलेले असतात. डाव्याला ते उलटे पडतात. दस्त्याची लांबीही पाहायची. फार लांब असला की काखेत अडतो, आखूड असला की अंगठ्याचे हाड नाकावर येते. आणि सर्वांत महत्त्वाचा गाल. शॉटगनला मागची माशी नसते. डोळा हीच मागची माशी. गाल दस्त्यावर जेथे टेकतो त्यावर डोळा कोठे राहणार ते ठरते. पाच-सात मिलिमीटर चुकले की बार चुकला.

आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून खर्चाचे कोष्टक आम्ही मांडले. बंदूक हा भांडवली खर्च, एकदाच. काडतुसे हा चालू खर्च. पंचवीस चकत्यांची एक फेरी, दिवसाला चार फेऱ्या, चकतीमागे सरासरी दीड काडतूस धरले तर दीडशे. आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे महिन्याला अठराशे. नव्या इटालियन बंदुकीची किंमत आमच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी. ती घेतली असती तर तिच्यात घालायला काडतूस उरले नसते. बंधूंना हे पटेना. "पोरीला लोकांपुढे जुनी बंदूक घेऊन उभी करायची?" त्यांचा आवाज चढला. आपल्या घरात पहिल्यांदा काही चांगले येते ते कोरे यावे, ही त्यांची इच्छा आम्हाला कळत होती. दोन दिवस आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. शेवटी पुतणीनेच सांगितले, "आप्पा, मला कोरी नको. मला काडतुसे पाहिजेत."

एका निवृत्त नेमबाजाकडची जुनी इटालियन ट्रॅप बंदूक मिळाली. दस्ता ओरखडलेला, पण नळ्या स्वच्छ, सांधा घट्ट. गालाखालचा भाग स्क्रूने वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारा, म्हणून तर ती घेतली. पकडीवर उजव्या तळहातासाठी फुगवटा होता, तो कारागिराने घासून काढला आणि दस्त्याचे टोक थोडे कापले. परवान्याचे मात्र घाईने होत नाही. वय एकवीस पूर्ण लागते, पोलीस चौकशी होते, घेतलेली बंदूक परवान्यावर चढवावी लागते, काडतुसांची मर्यादाही तेथेच लिहिलेली असते. आणि भिंतीवर टांगायची नसते. कुलपात ठेवायची असते. आमची ती हौस तशीच राहिली.

पहिल्या दिवशी रेंजवर चकती उडवलीच नाही. सुभेदारांनी पस्तीस पावलांवर मोठा कागद लावला आणि पुतणीला मध्यावर एक बार काढायला सांगितला. चोवीस ग्रॅमच्या काडतुसात तीनशेच्या आसपास छर्रे असतात. ते कागदावर कोठे पडले त्यावरून बंदूक खांद्याला बसली की नाही ते कळते. भोके मोजायचे काम अर्थातच कारकुनाकडे आले. आम्ही गुडघ्यावर बसून पेन्सिलीने दहा-दहाचे गट केले. डावीकडे जास्त भरत होती. सुभेदारांनी स्क्रू सैल करून गालाखालचा भाग केसभर सरकवला. पुन्हा बार, पुन्हा मोजणी. चौथ्या कागदाला दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या. बंधू इतका वेळ लांब उभे होते. ते आले, कागदावर हात फिरवला आणि त्याची घडी घालू लागले.

"आप्पा, घडी नका घालू," पुतणी म्हणाली, "काका अजून मोजतायत."