नव्वद अश्वशक्ती

कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडणाऱ्या प्रवाशाला महाराष्ट्राचा मुलूख संपून कर्नाटकाचा सुरू झाल्याची जाणीव आमच्या कोगनोळीच्या नाक्यावर होते. आणि 1956 च्या नोव्हेंबरात हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यापासून, याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले बंगळूर आम्हा गावकऱ्यांच्या मनात मुख्यतः हुकूम, अधिसूचना आणि कानडी दस्तऐवज यांच्याशीच जोडले गेले. परंतु त्याच बंगळुरात, त्यानंतर दोनच वर्षांनी, हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यातून एक लहानसे विमान प्रथमच आकाशात गेले, आणि ज्याच्या देखरेखीखाली त्याची रचना झाली तो पुरुष आमच्याच बाजूचा, कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावी जन्मलेला होता. विमानाचे नाव पुष्पक, आणि रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे.

घाटग्यांचे नाव मी प्रथम शाळेतील एका गुरुजींच्या तोंडून ऐकले. ते जर्मनीतील ग्योटिंगेन येथे जाऊन लुडविग प्रांटल यांचे शिष्य झाले होते, हे सांगताना गुरुजींचा आवाज आपोआप गंभीर होई. आणि प्रांटल म्हणजे कोण याची आम्हा मुलांना गंधवार्ता नसली, तरी एखाद्या ऋषीच्या आश्रमात विद्यार्जन करून आलेला मनुष्य आपल्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर जन्मला, ही गोष्ट मनावर कोरली जाण्यास तेवढे पुरेसे होते. पुढे वाचनातून कळले की, 1942 साली बंगळूरच्या विज्ञानमंदिरात विमानविद्येचे अध्यापन सुरू झाले त्यातही त्यांचाच हात होता, आणि 1951 मध्ये उडालेले एचटी-2 हे हवाई दलाचे शिक्षणविमानही त्यांचेच. तरीही माझे मन गुंतले ते पुष्पकातच. अमेरिकेतील एरॉन्का चीफ या विमानाच्या धर्तीवर रचलेले, माथ्यावर पंख असलेले, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले, शेजारी-शेजारी दोनच माणसांना बसवून घेणारे आणि 90 अश्वशक्तीच्या इंजिनावर चालणारे ते विमान देशातील उड्डाण क्लबांसाठी बांधले गेले, आणि कित्येक वैमानिकांनी आपले पहिले धडे त्यातच गिरविले.

त्या वयात आम्ही विमाने बांधीत असू ती ज्वारीच्या धाटाची. सालीच्या काड्या आणि आतला भेंड एवढ्यावर सांगाडा उभा राही; पण फेकले की ते नाक वर करून क्षणभर थबके आणि शेपटीवर कोसळे. नाकाशी ओल्या मातीची गोळी लावली म्हणजे तेच विमान तंबाखूच्या वाफ्यावरून सरळ तरंगत जाई. गोळी थोडी मोठी झाली तर लगेच तोंडावर पडे. मातीच्या त्या चिमटीभर गोळीत विमानविद्येचा एक मूलभूत सिद्धांत दडला आहे, हे मला कळण्यास अर्धे आयुष्य जावे लागले.

ते आयुष्य गेले मोजणीच्या खात्यात. शंकू आणि साखळी घेऊन बांधाबांधाने हिंडणे, सर्व्हे नंबराच्या नकाशाशी प्रत्यक्ष जमीन ताडून पाहणे, हद्दीच्या दगडांची नोंद दफ्तरात रीतसर करणे, यात वर्षे निघून गेली. आणि या नोकरीने मला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मापाविषयीचा आदर. आकाशातून सरहद्द दिसत नाही, असे भावभरल्या स्वरात म्हणण्याचा प्रघात आहे. ती जमिनीवरूनही दिसत नाही, ती कागदात असते. आणि कागद ज्याने प्रामाणिकपणे केला त्याच्या भरवशावरच गरिबाचे चार गुंठे सुरक्षित राहतात, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

निवृत्तीनंतर पुतण्याने आपल्या संगणकावर सिंपलप्लेन्स नावाचा खेळ दाखविला, तेव्हा माझ्या मनाची पकड घेतली ती उड्डाणाने नव्हे, तर त्याआधीच्या बांधणीने. जुंड्रू या मंडळींनी रचलेल्या या खेळात ठोकळे, पंख, चाके, इंजिने एकमेकांना जोडून आपले वाहन आपणच सिद्ध करावयाचे असते. पंखाचा छेद सममित ठेवावा की खालून सपाट, हेही ठरविता येते. आणि धडाच्या प्रत्येक ठोकळ्यात इंधन किती, नुसता भार किती, हे आपल्या हाती असते. बांधणी चालू असता पडद्यावर एक तांबडा गोळा गुरुत्वमध्य दाखवितो आणि एक निळा गोळा उत्थापनाचा मध्य. तांबडा निळ्याच्या पुढे हवा. मागे गेला तर विमान नाक उचलून उलटते, फार पुढे गेला तर शेपटीला ते नाक सावरता येत नाही. नाकाकडच्या ठोकळ्यात भार भरीत असता माझ्या बोटांना ओल्या मातीचा स्पर्श आठवला, यात नवल नाही.

पुष्पकाची छायाचित्रे आणि तीन बाजूंची रेखाचित्रे गोळा करून मी प्रतिकृतीस आरंभ केला. पंखांचा विस्तार सुमारे 36 फूट, भारासह वजन 600 किलोंच्या आसपास. पंखाला धडाशी बांधणारे तिरके टेकू, खिडकीची उतरण, शेपटीखालचे इवलेसे चाक, हे सर्व मापात बसविणे कष्टाचे असले तरी कठीण नव्हते. कठीण होता तो इंजिनाचा प्रश्न, कारण खेळात शक्ती हवी तेवढी मिळते, आणि मी 90 वरच अडून बसलो. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ताकद वाढवा की जरा! कोण बघाय येतंय हितं?’’ त्याच्या प्रश्नात तरुणाईचा मोकळेपणा होता. पण माझे उत्तर पक्के होते. प्रतिकृतीत रंग आणि आकार उतरविणारे पुष्कळ असतात. मूळ वस्तूची मर्यादा जो उतरवीत नाही, त्याने मूळ वस्तू पाहिलीच नाही असे मी समजतो. वजनाला शक्तीने भागले तर पुष्पकात एका अश्वशक्तीच्या वाट्याला जवळपास 7 किलो येतात. हा आकडा मनात धरला की त्या विमानातील प्रत्येक गोष्टीचा खुलासा होतो: पत्र्याऐवजी कापड का, पंख इतका ऐसपैस का, आसने दोनच का. नव्याने स्वतंत्र झालेल्या, परकीय चलन जपून खर्चणाऱ्या देशात शिकाऊ तरुणांसाठी विमान रचावयाचे, ते स्वस्त, सोपे आणि चूक पोटात घालणारे असावयाचे, ही जी विवेकबुद्धी त्या आकड्यामागे आहे, तिच्यापाशी मला पोचावयाचे होते; आणि शक्ती वाढविताच तो मार्ग बंद झाला असता.

खेळातील राईट विमानतळाच्या धावपट्टीवर ते प्रथम उभे केले, तेव्हा नाक आकाशाकडे असल्यामुळे समोरचे काहीच दिसेना. शेपटीच्या चाकावर टेकणाऱ्या विमानांचा हा स्वभावच होय. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने धावताना किंचित तिरके झालेले विमान आपण होऊन अधिकच तिरके होऊ पाहते, आणि सुकाणूवरील पायाला (येथे ते काम बोटाने करावयाचे असते) क्षणाची उसंत मिळत नाही. वेग वाढता वाढता शेपटी उचलली गेली, धावपट्टी एकदम दृष्टीस पडली, आणि विमान जमिनीपासून सुटले ते इतक्या सावकाश, की सुटल्याचे चाकांचा आवाज थांबल्यावरूनच समजावे. पुतण्याची लढाऊ विमाने खेळातील द्वीपांच्या आकाशात निमिषार्धात नाहीशी होतात. माझे विमान एकेक वार उंची कमावीत होते, आणि त्या संथ चढणीत मला जे समाधान लाभले त्याची तुलना मी केवळ वर्षानुवर्षे अडलेली मोजणी कागदावर अचूक जुळून येण्याशीच करू शकेन.

उतरणे मात्र निराळे शास्त्र आहे. वेग निम्मा झाला की पंखांचे उत्थापन चौथ्या हिश्श्यावर येते. ती तूट भरून काढण्यासाठी नाक हळूहळू वर घ्यावे लागते, आणि एका कोनापलीकडे हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, पंख भार टाकून देतो. तो क्षण जमिनीपासून वीतभर उंचीवर यावा, म्हणजे तिन्ही चाके एकदम टेकतात. प्रांटल यांनी 1904 साली पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा जो सिद्धांत मांडला, त्यात ही हवा पाठ का सोडते याचा उलगडा आहे. ग्योटिंगेनमध्ये मिळालेली विद्या बंगळुरातील कापडी पंखापर्यंत आणि तेथून माझ्या पडद्यापर्यंत पोचली, हा विचार त्या वीतभर अंतरात दर वेळी मनात येतो, आणि मी अधिक लक्षपूर्वक विमान टेकवितो.

सध्या आम्ही दोघे पुष्पकानंतर वर्षभराने उडालेले कृषक बांधावयास घेतले आहे. सैन्याच्या निरीक्षणासाठी वापरले गेलेले हे विमान पुष्पकाचेच भावंड, पण इंजिन 225 अश्वशक्तीचे. त्यामुळे नाकाकडचा भार वाढतो, तांबडा गोळा पुढे सरकतो आणि मागची सगळी मांडणी पुन्हा हिशेबाला येते. पुतण्याने काल स्वतः होऊन रेखाचित्रावर पट्टी ठेवली, आणि निरीक्षकाचे आसन गुरुत्वमध्यापासून किती मागे धरावे यावर आमचा वाद रात्री उशिरापर्यंत चालला. आसन रिकामे असताना विमान कसे वागेल, हे आधी तपासावे असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते मला मान्य आहे.